भाकणूक, हर्मगिदोन आणि लाल कालवड : वाचकांचे प्रश्न

पट्टणकोडोलीची यात्रा झाली की भाकणुकीबद्दलची पत्रं येतातच. यंदा त्यांत इस्रायल-इराण, 'शेवटचे दिवस', महदी (मुसलमानांच्या समजुतीत शेवटच्या काळी येणारा मार्गदर्शक), कल्की असं सगळंच एकत्र आलं. बऱ्याच पत्रांना मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराची प्रत जोडलेली होती. मजकुरात तथ्य किती आणि जोडकाम किती, हे जिथे दाखवता येतं असे प्रश्न इथे घेतले आहेत.

भाकणुकीत युद्धाचा शब्द आला की "तिसरं महायुद्ध ठरलं" असे मेसेज सुरू होतात. भाकणूक आणि बायबलमधलं भाकीत एकाच जातीचं का? (हुपरी)

नाही. भाकणूक वर्षाची असते. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत अंजनगावहून पायी आलेले फरांडेबाबा भंडाऱ्याच्या उधळणीत हेडाम खेळतात, म्हणजे तलवार घेऊन देवापुढे नाचतात, आणि मग भाकणूक सांगतात. पाऊस कसा, धान्याची धारण (भाव) कशी, रोगराई, राजकारण. समोर मेंढपाळ आणि शेतकरी असतो. त्याला पुढच्या सुगीपर्यंतचं ऐकायचं असतं. वर्ष सरलं की ती भाकणूक सरली, पुढच्या यात्रेला नवी. निपाणीजवळच्या आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथांच्या यात्रेतली भाकणूक याच घराण्यातली. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला अठरा धान्यं मांडून दुसऱ्या दिवशी पहाटे घट वाचतात, त्याचीही जात हीच.

युगान्ताचं भाकीत निराळं. तिथे काळ एका टोकाकडे चाललेला असतो आणि त्या टोकाला निवाडा असतो: कोण तरणार, कोण बुडणार. भाकणुकीत तारणाचा सवाल येत नाही. ती ऐकली नाही म्हणून कुणी नरकात जात नाही. हा फरक मोठा आहे, कारण माणसं जीव द्यायला किंवा घ्यायला तयार होतात ती तारणाच्या सवालावर, ज्वारीच्या भावावर नव्हे.

तेव्हा अशी एखादी ओळ आली तर पाठवणाऱ्याकडे पूर्ण भाकणूक मागा. युद्धाच्या ओळीच्या मागेपुढे पावसाची आणि धान्याची ओळ दिसेल. ती वगळून गाझाचा फोटो जोडला की गावच्या देवाचं बोलणं परक्या युद्धाची जाहिरात होतं.

बायबलमधल्या यहेज्केलाच्या पुस्तकात रशिया आणि इराण नावानिशी आहेत, असा एक व्हिडिओ आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) फिरतो आहे. खरं आहे का? (गडहिंग्लज)

अर्धं. यहेज्केल अध्याय 38 आणि 39 मध्ये मागोग देशाचा गोग मोठं सैन्य घेऊन इस्राएलवर चालून येतो. त्याच्या साथीला पारस, कूश आणि पूट आहेत. पारस म्हणजे प्राचीन इराण, हे बरोबर. रशियाचं मात्र तिथे काही नाही. मूळ हिब्रूत 'रोश' हा शब्द आहे आणि त्याचा साधा अर्थ 'डोकं', 'प्रमुख'. काही भाषांतरांनी तो 'मुख्य अधिपती' असा घेतला, काहींनी देशाचं नाव म्हणून ठेवला. नाव म्हणून ठेवलं की 'रोश'चं 'रशिया' व्हायला वेळ लागत नाही. मेशेखचं मॉस्को हाही नुसता कानाचा खेळ. मेशेख आणि तुबाल हे आजच्या तुर्कस्तानच्या भागातले लोक, असं अश्शूरी लेखांवरून कळतं.

मग हे लिहिलं कुणासाठी? यहेज्केल इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुरुवातीला बाबेलला हद्दपार झालेल्या यहुद्यांत राहत होता. शहर गेलेलं, मंदिर जळालेलं, अशा लोकांना तो सांगतो की परत जाल, आणि गेल्यावर कितीही मोठी फौज आली तरी देव राखील. सर्वस्व गमावलेल्या माणसाला दिलेला हा धीर आहे. तो अण्वस्त्रांचा नकाशा म्हणून वाचला की त्यातलं दुःखही हरवतं.

गोग कोण, याची उत्तरं किती झाली तेही पाहा. चौथ्या शतकात बिशप अँब्रोस यांनी गोथ टोळ्यांकडे बोट दाखवलं. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांना तुर्क दिसले. शीतयुद्धात सोव्हिएत संघ ठरला. दर वेळी नाव बदललं, सांगणाऱ्याची खात्री तीच राहिली.

आणखी एक अडचण व्हिडिओवाले सांगत नाहीत. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण 20:8 मध्ये, गोग-मागोग येतात ते ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्यानंतर. यहेज्केलात ते नव्या मंदिराच्या दृष्टान्ताआधी येतात. दोन्ही एकाच वेळापत्रकात बसवायचे तर एक ओळ कापावी लागते किंवा दोन वेगळी युद्धं मानावी लागतात. मंडळीत पाळकांना हा एकच प्रश्न नम्रपणे विचारा. चर्चा आपोआप खोल जाईल.

हर्मगिदोन, म्हणजे शेवटच्या लढाईचं ठिकाण, याबद्दल थोडक्यात: हा शब्द अख्ख्या बायबलमध्ये एकदाच येतो, प्रकटीकरण 16:16. बहुतेक जण तो मगिद्दोच्या टेकडीशी जोडतात. उत्तर इस्रायलमध्ये इज्रेलच्या खोऱ्याच्या तोंडाशी ही टेकडी आहे आणि इजिप्तहून सिरियाकडे जाणारी जुनी वाट तिच्या पायथ्याशी जात होती. वाट अडवायची तर इथेच, म्हणून लढायाही इथेच. इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात इजिप्तचा राजा थुटमोस तिसरा इथे लढला, इ.स.पू. 609 मध्ये यहूदाचा राजा योशीया इथे पडला, 1918 मध्ये ब्रिटिश जनरल ॲलनबीच्या फौजेची मोहीमही इथूनच गेली. पन्हाळा-विशाळगडाची वाट ज्यांना माहीत आहे त्यांना खिंडीचं मोल वेगळं सांगायला नको.

विश्वासणारे मेघारूढ होऊन वर घेतले जातील, मग सात वर्षं संकट, मग युद्ध, हा क्रम सगळ्या ख्रिस्ती पंथांना मान्य आहे का? आमच्या आजोबांच्या वेळी हे एवढं ऐकू येत नव्हतं. (न्यू शाहूपुरी)

आजोबांच्या वेळी ऐकू येत नव्हतं, याला कारण आहे. वर घेतलं जाण्याचं वचन जुनं आहे: थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, 4:16-17. पण त्यापुढचं पायरी-पायरीचं वेळापत्रक 1830 च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या प्लिमथ ब्रदरन गटातल्या उपदेशकाने बसवलं. त्याचा कणा दानीएल 9:24-27 मधली सत्तर सप्तकं. सत्तर गुणिले सात म्हणजे 490 वर्षं. डार्बीच्या मांडणीत एकोणसत्तर सप्तकं येशूच्या काळापर्यंत संपतात, तिथे घड्याळ थांबतं, मधला सगळा काळ मंडळीचा, आणि विश्वासणारे उचलले गेले की शेवटचं सप्तक, म्हणजे सात वर्षं, सुरू होतं. घड्याळ थांबल्याचं दानीएलाच्या त्या ओळींत लिहिलेलं नाही. ते वाचणाऱ्याने घालायचं असतं. पुष्कळ अभ्यासक तोच उतारा इ.स.पू. 167 मध्ये यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट करणाऱ्या राजा अंतियोख चौथ्याशी जोडून वाचतात.

ही मांडणी घरोघरी गेली ती 1909 मध्ये निघालेल्या स्कोफील्ड बायबलमुळे. वचन वर आणि टीप खाली, एकाच पानावर. वाचता वाचता टीप हेच वचन वाटू लागलं. घरात भाष्याचं बायबल असेल तर टिपेवर पट्टी धरून नुसतं वचन वाचून पाहा. फरक लगेच कळतो.

रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ल्यूथरन आणि जुने प्रेस्बिटेरियन हे वेळापत्रक मानत नाहीत. येशू पुन्हा येणार हे मानतात, तारीख आणि टप्पे मानत नाहीत. ऑगस्टीनपासून प्रकटीकरणातली हजार वर्षं पुष्कळ पंथांनी रूपक म्हणून घेतली. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी 1852 मध्ये मिशन सुरू केलं ते पुढे प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं. स्वातंत्र्यानंतर, आणि उपग्रह वाहिन्या आल्यावर तर फारच, बाहेरून आलेल्या प्रचारात डार्बीची मांडणी ठळक झाली.

तरी एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. वाइल्डर यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरातच जन्मला. अमेरिकेत 1886 मध्ये सुरू झालेल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचा तो एक प्रमुख. 'याच पिढीत जगभर सुवार्ता' हे त्या चळवळीचं ब्रीद. तिच्यातल्या काहींच्या मनात मत्तय 24:14 होतं: सर्व राष्ट्रांना सुवार्ता सांगितली जाईल आणि मग शेवट येईल. शेवट जवळ आहे या विश्वासाने त्यांना बोटीत बसवून दूरदेशी शाळा-दवाखान्यांत नेलं. तोच विश्वास आज कुणाला क्षेपणास्त्रांचं स्वागत करायला लावतो. म्हणून विश्वासाला सरसकट दोष देऊ नये. तो विश्वास माणसाकडून काय करून घेतो, ते पाहावं.

अमेरिकेतले काही ख्रिस्ती इस्रायलच्या पाठीशी एवढे का? ज्यूंचं तारण होतं असं ते मानतात का? (राजारामपुरी)

राजकीय कारणं आधी: शीतयुद्धापासूनचे लष्करी संबंध, अमेरिकेतली ज्यू आणि ख्रिस्ती मतं, नाझी संहाराची आठवण. भाकीत हे त्यांतलं एक कारण आहे, एकमेव नाही. पण ते खरं कारण आहे. ज्यू परत आपल्या भूमीत जमले की शेवटची घड्याळं चालू होतात, असं डार्बीच्या वाटेने जाणाऱ्यांना वाटतं. म्हणून 14 मे 1948 ची स्थापना आणि जून 1967 मध्ये पूर्व यरुशलेम इस्रायलच्या ताब्यात जाणं, या त्यांना भाकिताच्या खुणा वाटतात. 14 मे 2018 रोजी अमेरिकेचा दूतावास यरुशलेमला हलला, तेव्हा समारंभात रॉबर्ट जेफ्रेस आणि जॉन हेगी या दोन अमेरिकी पाळकांनी प्रार्थना केल्या. त्याच दिवशी गाझाच्या कुंपणाजवळ पन्नासहून जास्त पॅलेस्टिनी मारले गेले.

तारणाचं उत्तर एक नाही. रोमकरांस पत्र 11:26 म्हणतं, 'सर्व इस्राएल तारला जाईल'. कसा, यावर वाद आहेत. 1965 च्या व्हॅटिकन परिषदेने येशूच्या मृत्यूचा दोष ज्यूंवर सरसकट टाकता येणार नाही आणि देवाने त्यांची निवड मागे घेतलेली नाही, असं स्पष्ट केलं. डार्बीच्या मांडणीत मात्र शेवट कठोर आहे. जखऱ्या 13:8 चा आधार घेऊन दोन तृतीयांश मरतात आणि उरलेले येशूला स्वीकारतात, असं अनेक जण शिकवतात. मैत्रीच्या शेवटच्या पानावर मित्राचं मरण किंवा धर्मांतर लिहिलेलं असणं ही फार अवघड मैत्री आहे. पुष्कळ ज्यू विचारवंतांनी हे उघड बोलून दाखवलं आहे.

ज्यूंमध्येही एकमत नाही. तलमूद या ज्यू धर्मग्रंथातल्या तीन शपथांचा (केतुबोत 111अ) आधार घेऊन काही कर्मठ ज्यू म्हणतात की मसीहा, म्हणजे वचन दिलेला तारणारा राजा, येण्याआधी बळाने राज्य स्थापणंच चूक. नेतुरेई कार्टा हा गट त्यांतला. उलट रब्बी अब्राहम आयझॅक कूक यांच्या परंपरेत या राज्यालाच मुक्तीची पहाट मानलं गेलं. 1974 च्या गुश एमुनिम चळवळीने त्यावर वेस्ट बँकेत वसाहती उभ्या केल्या.

आणि बेथलेहेम परिसरातले पॅलेस्टिनी ख्रिस्ती? त्यांना या चित्रात कुणी जागाच देत नाही. त्यांच्या चर्च-नेत्यांनी डिसेंबर 2009 मध्ये 'कैरोस पॅलेस्टाइन' हे निवेदन काढून सांगितलं की वचनांचा वापर आमची जमीन घेण्यासाठी करू नका. येशूच्या जन्मगावातल्या विश्वासणाऱ्यांचं म्हणणं आपल्या मंडळीत एकदा तरी वाचलं जावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

लाल कालवडीचं प्रकरण काय आहे? (कागल)

बायबलमधलं गणना हे पुस्तक, अध्याय 19. पूर्ण तांबडी, निर्दोष, मानेवर कधी जू न आलेली कालवड जाळायची. आगीत गंधसरूचं लाकूड, एजोब ही वनस्पती आणि किरमिजी सूत टाकायचं. ती राख वाहत्या पाण्यात कालवून प्रेताला शिवलेल्या माणसावर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी शिंपडायची. त्याशिवाय मंदिरसेवेची शुद्धी होत नाही. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहातले नियम आणखी कडक: तांबडे नसलेले दोन केस सापडले तरी जनावर बाद. पाठीवर नुसतं कापड टाकलं तरी काम घेतल्यासारखं धरलं जाण्याची भीती. गुरं राखणाऱ्याला कळेल, असं जनावर तीन वर्षांचं होईपर्यंत जपणं किती कठीण. मध्ययुगातले ज्यू पंडित मैमोनिडीज यांच्या गणतीप्रमाणे इतिहासात अशा नऊच झाल्या आणि दहावी मसीहा करील.

सप्टेंबर 2022 मध्ये टेक्सासहून पाच तांबड्या कालवडी इस्रायलला विमानाने आणल्या गेल्या. गोष्ट गोठ्यापुरती राहत नाही, कारण ज्यूंचं मंदिर इ.स. 70 मध्ये पाडलं गेलं त्या टेकडीवर आज अल-अक्सा मशीद आणि सुवर्ण घुमट आहे. 1967 पासून तिथली व्यवस्था जॉर्डनच्या वक्फकडे, सुरक्षा इस्रायलकडे. इस्रायलच्या मुख्य रब्बी-पीठाने ज्यूंना टेकडीवर चढायलाच मनाई केलेली आहे, ती याच शुद्धीच्या कारणाने. म्हणजे राख मिळाली तर ती मनाई सैल होईल अशी काहींची आशा आणि तीच दुसऱ्यांची धास्ती. जानेवारी 2024 मध्ये हमासच्या लष्करी प्रवक्त्याने आपल्या भाषणात या कालवडींचा उल्लेख केला. एका बाजूचा विधी दुसऱ्या बाजूच्या युद्धाचं कारण म्हणून कसा सांगितला जातो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

'गझवा-ए-हिंद'चे मेसेज दोन्ही बाजूंनी येतात. हे कुराणात आहे का? आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांना काय सांगावं? (इचलकरंजी)

'गझवा-ए-हिंद' म्हणजे हिंदवरची मोहीम. कुराणात ती नाही. सुनन नसाई आणि मुस्नद अहमदसारख्या संग्रहांत हिंदच्या मोहिमेबद्दलच्या काही मोजक्या रिवायती आहेत. रिवायत किंवा हदीस म्हणजे प्रेषितांचं म्हणून सांगितलेलं वचन, आणि ते टिकतं सांगणाऱ्यांच्या साखळीवर. एक कडी कच्ची तर हदीस कच्ची. या रिवायतींच्या साखळ्यांवर उलेमांत मतभेद आहेत, आणि त्या खऱ्या धरल्या तरी आठव्या शतकातल्या सिंधच्या मोहिमेत ते होऊन गेलं, असं अनेक जण मानतात. पाकिस्तानातल्या अतिरेकी गटांनी हा शब्द भरतीसाठी उचलला. तोच शब्द इकडे शेजारच्या मुसलमानावर संशय घ्यायला वापरला जातो. दोन्हीकडचे पाठवणारे मूळ संग्रह उघडत नाहीत.

मुलांना दाबिकची हकीकत सांगा. सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे की रूमचं, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याचं, सैन्य अमाक किंवा दाबिकला उतरेल. दाबिक हे उत्तर सिरियातलं लहान गाव. 'इस्लामिक स्टेट'ने 2014 मध्ये ते घेतलं, आपल्या नियतकालिकाला तेच नाव दिलं आणि देशोदेशीची पोरं "शेवटच्या लढाईला या" म्हणून बोलावली. सप्टेंबर 2016 मध्ये त्यांनी नियतकालिकाचं नाव बदलून 'रूमिया' केलं. ऑक्टोबरमध्ये तुर्कस्तानच्या पाठिंब्यावरच्या सिरियन लढवय्यांनी गाव घेतलं. ते लढवय्येही मुसलमानच होते. शेवटची लढाई झाली नाही. गेलेल्यांतली पुष्कळ पोरं परत आली नाहीत.

याआधीचीही उदाहरणं आहेत. हिजरी 1400 च्या पहिल्या दिवशी, 20 नोव्हेंबर 1979 ला, जुहैमान अल-उतैबीच्या माणसांनी आपल्यातल्या एकाला महदी जाहीर करून मक्केची मशीद ताब्यात घेतली. दोन आठवडे रक्त सांडलं, तो 'महदी' त्यातच मारला गेला. शतक पालटण्याची तारीख हे तिथलं गणित होतं.

आपल्याकडे 7 जून 2023 ला मोबाइलच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. त्या दिवशी कुणाची दुकानं फुटली, ते शहराला माहीत आहे. तेव्हा असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका, "बघा हे काय लिहितात" असं म्हणूनसुद्धा नाही. कारण निषेध म्हणून पाठवलेला मेसेजही तोच मजकूर पसरवतो.

कलियुग संपत आलं, कल्की जन्मला, असं एक महाराज सांगतात. (भुदरगड)

पुराणांचा हिशेब घ्या. कलियुग 4,32,000 वर्षांचं; पारंपरिक गणनेत सुरुवात इ.स.पू. 3102. म्हणजे पाच हजार सव्वाशेच्या आसपास वर्षं झाली, सव्वाचार लाखांहून जास्त उरली. भागवताच्या बाराव्या स्कंधात कल्की शंभल गावी विष्णुयशाच्या घरी जन्मतो, तोही कलीच्या अखेरीस. युग संपलं म्हणणाऱ्याने आधी पुराणाचा आकडा का सोडला, ते सांगावं. भविष्यपुराणाचा दाखला दिला तर सांभाळा: त्याच्या छापील प्रतींत ब्रिटिश राजवटीचेसुद्धा उल्लेख आहेत. घडून गेल्यावर लिहिलेलं भविष्य नेहमी अचूक असतं.

सोळाव्या शतकातला फ्रेंच भविष्यवेत्ता नॉस्त्राडेमस, त्याचंही तसंच. 1997 मध्ये कॅनडातल्या एका विद्यार्थ्याने, संदिग्ध ओळी कुठेही कशा बसतात हे दाखवायला, स्वतः एक कडवं रचलं होतं. 2001 च्या न्यूयॉर्क हल्ल्यानंतर तेच कडवं, मोडतोड होऊन, नॉस्त्राडेमसचं म्हणून जगभर फिरलं.

माझा धाकटा भाऊ एका गटात जातो. अमुक महिन्यात शेवट होणार म्हणून नोकरी सोडायची, शेत विकून पैसे सेवेला द्यायचे म्हणतो. समजवायला गेलं की चिडतो. (आजरा)

ताई, शेवट येणार नाही हे सिद्ध करायला बसू नका. तो वाद जिंकता येत नाही आणि भाऊ दुरावतो. परत घेता येणार नाही असं काय काय होऊ घातलंय, तिथे आधी लक्ष द्या: राजीनामा, सातबारा, मुदतठेव, चालू औषधं. राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजा, विक्रीऐवजी वर्षाच्या खंडाने जमीन. शेत वडिलोपार्जित असेल तर तुमचाही हिस्सा असू शकतो. खरेदीपत्राआधी वकिलाला दाखवा. साखरेची, रक्तदाबाची किंवा मानसिक आजाराची गोळी बंद केली असेल तर तो प्रश्न श्रद्धेचा राहिला नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मग तारीख कागदावर लिहून मागा, त्याच्याच हाताने. तारखा का चुकतात ते समजायला 1844 पाहा. विल्यम मिलर या अमेरिकी शेतकऱ्याने दानीएल 8:14 मधले 2300 दिवस वर्षं धरले, सुरुवात इ.स.पू. 457. वजाबाकी 1843. ते वर्ष गेलं तेव्हा लक्षात आलं की शून्य साल नसतं, म्हणून 1844. शेवटी 22 ऑक्टोबर ठरला. हजारो लोक वाट पाहत बसले, काहींनी पिकं शेतातच ठेवली. गणित बरोबर होतं, दिवसाचं वर्ष धरणं ही सुरुवातच मानलेली होती. हॅरोल्ड कँपिंगने 21 मे 2011 सांगितली, चुकल्यावर 21 ऑक्टोबर. लोकांनी साठवलेला पैसा जाहिरातींत घातला होता. पुढच्या वर्षी त्याने चूक कबूल केली. पैसे गेले ते गेलेच.

तारीख हुकल्यावर गट काय सांगेल, तेही भावाला आत्ताच विचारून ठेवा. 'हिशेब थोडा चुकला', 'ते अदृश्य रूपात झालं', 'आमच्या प्रार्थनेने टळलं', 'तुमची श्रद्धा कमी पडली' यांतलंच एक उत्तर येतं. आधी उच्चारलेलं असलं की नंतर ते गळी उतरत नाही. त्या दिवशी मात्र घरी असा, स्वयंपाक करा, चेष्टा कुणालाही करू देऊ नका. हुकलेल्या तारखेनंतरचा आठवडा सगळ्यात नाजूक असतो.

आणि त्याच्याबरोबर मत्तय 24 पूर्ण वाचा, 36 व्या ओवीसकट: तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. वाद न घालता एकदा वाचून ठेवून द्या.

भाष्यांशिवाय मूळ वाचायचं तर क्रम कसा ठेवावा? (कसबा बावडा)

आधी मत्तय 24. मग दानीएल 7 ते 12. प्रकटीकरणाचे पहिले तीन अध्याय वाचताना लक्षात ठेवा की ती आशिया मायनरमधल्या सात खऱ्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रं आहेत, गावांच्या नावानिशी. पूर्ण प्रकटीकरण 22 अध्यायांचं आहे. एका बैठकीत, मोठ्याने वाचलं तर दीड तासाच्या आसपास लागतो, आणि तसं वाचल्यावर ते वेळापत्रकापेक्षा कीर्तनासारखं ऐकू येतं. यहेज्केल 36 पासून घ्या आणि 39 ला थांबू नका. व्हिडिओ 39 ला थांबतात. 47 व्या अध्यायात जमिनीची वाटणी आहे, आणि 22 व्या ओवीत म्हटलंय की तुमच्यात राहणाऱ्या परक्यांना, ज्यांना तुमच्यात मुलंबाळं झाली त्यांना, देशातलेच समजून त्यांनाही वतन द्या.